ऑनलाइन विक्रीसाठी एआय : आधी मालाची वही, मग प्रॉम्प्ट



"एआय वापरलं की ऑनलाइन विक्री वाढते का?" हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. उत्तर सरळ आहे. एआय तुमचं लिहिण्याचं, भाषांतराचं आणि वर्गवारीचं काम पटापट करून देतं. एकट्याने किंवा घरच्या दोघा-तिघांनी चालवलेल्या धंद्यात ही मदत मोठी आहे. माल बनवायचा, पॅकिंग करायचं, कुरिअरवाल्याची वाट बघायची आणि रात्री बसून लिस्टिंग लिहायचं, हे सगळं एकाच माणसावर असतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एआयने तुमचा माल कधी पाहिलेला नाही, चाखलेला नाही, हातात घेतलेला नाही. तुम्ही जे सांगितलं नाही, ते ते अंदाजाने भरतं. आणि इतक्या सफाईदार भाषेत भरतं की वाचताना आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं. तो मजकूर तुमच्या नावाने लिस्टिंगवर जातो. ग्राहक त्यावर विश्वास ठेवून पैसे भरतो. उद्या तक्रार आली तर ती तुमच्यावर येते, एआयवर नाही.

म्हणून आजच्या धड्यात आपण प्रॉम्प्टच्या आधीची पायरी शिकणार आहोत. मी तिला "मालाची वही" म्हणतो. ही वही तयार असेल तर पुढची सगळी कामं सोपी होतात. नसेल तर एआय तुमच्या चुका वेगाने वाढवतं, एवढंच.

एका उदाहरणाने समजून घेऊ

समजा, तुम्ही नाचणीचे लाडू घरी बनवता आणि आता ऑनलाइन विकायचे ठरवले आहेत. तुम्ही चॅटजीपीटी किंवा जेमिनी उघडलं आणि लिहिलं, "नाचणीच्या लाडूंसाठी आकर्षक वर्णन लिहून दे." बस्स, एवढंच. उत्तर साधारण असं येऊ शकतं :

"१०० टक्के नैसर्गिक आणि ऑरगॅनिक नाचणीपासून बनवलेले, शुगर फ्री, मधुमेही रुग्णांसाठी सुरक्षित, हाडं मजबूत करणारे, वजन कमी करण्यास मदत करणारे पौष्टिक लाडू!"

वाचायला झकास आहे. आता एकेक शब्द तपासू.

"शुगर फ्री" : लाडवात गूळ आहे. गुळात साखरच असते. अन्नसुरक्षा नियमांनुसार घन पदार्थाला "शुगर फ्री" म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. गुळाचा लाडू त्यात कधीच बसणार नाही.

"मधुमेहींसाठी सुरक्षित" : हा दावा तर सर्वात धोक्याचा. कोणीतरी आपल्या आईसाठी हे वाचून लाडू मागवेल आणि ती रोज दोन खाईल. इथे प्रश्न फक्त कायद्याचा नाही, माणसाच्या तब्येतीचा आहे. कायद्याचं म्हणाल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

"ऑरगॅनिक" : नाचणी गावाकडून येते, खत कमी घातलेलं असतं, हे सगळं ठीक. पण पाकिटावर आणि लिस्टिंगवर ऑरगॅनिक म्हणून विकायचं तर त्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस यांसारखं प्रमाणपत्र लागतं.

"१०० टक्के" : मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने अन्नव्यावसायिकांना सूचना दिली की लेबलवर, पॅकिंगवर आणि जाहिरातीत "१०० टक्के" हा शब्द वापरू नका, कारण त्याने ग्राहकाची दिशाभूल होते.

"हाडं मजबूत करणारे" : नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं हे खरं आहे. पण तुमच्या एका लाडवात ते किती, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तुम्हालाही ठाऊक नाही.

एका वाक्यात पाच अडचणी! आणि गंमत म्हणजे तुम्ही त्यातलं काहीच म्हणाला नव्हता. तुम्ही जागा रिकामी सोडली, एआयने ती भरली.

मालाची वही म्हणजे काय?

साधी दोनशे पानी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये नोट उघडा. प्रत्येक वस्तूला एक पान. त्यावर फक्त खऱ्या, तपासून घेता येतील अशा गोष्टी लिहायच्या. लाडवाचं पान कसं असेल बघा :

१. वस्तूचं नाव आणि तिची इतर नावं. नाचणीला दक्षिणेत आणि बऱ्याच दुकानांत रागी म्हणतात, उत्तराखंडात मंडुआ म्हणतात. ग्राहक यातला कुठलाही शब्द शोधू शकतो.
२. घटक, जास्तीपासून कमीपर्यंत. नाचणीचं पीठ, गूळ, तूप, काजू, वेलची. जे आहे तेच आणि त्याच क्रमाने.
३. वजन आणि नग. ५०० ग्रॅम, साधारण १६ लाडू.
४. किती दिवस टिकतो, कसा ठेवायचा.
५. ॲलर्जीची माहिती. तूप म्हणजे दूध आलं, काजू आले. त्याच स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे लाडू होत असतील तर तेही लिहा.
६. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहकाने फोन कुठे करायचा, एमआरपी, वस्तू कुठल्या देशात बनली. पॅकबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांमुळे यातली बरीचशी माहिती ऑनलाइन लिस्टिंगवरही द्यावी लागते.
७. माल पाठवायला किती दिवस लागतात, कुठे पाठवत नाही, परतीचा नियम काय.
८. "हे म्हणायचं नाही" ही यादी. शुगर फ्री, ऑरगॅनिक, मधुमेह, वजन कमी, १०० टक्के.

आठवा मुद्दा बरेच जण विसरतात. पण एआयला काय लिहायचं हे सांगण्याइतकंच काय लिहायचं नाही हे सांगणंही गरजेचं आहे.

पहिलं पान लिहायला वेळ लागेल. लागू द्या. हे पान एकदा झालं की लिस्टिंग, व्हॉट्सॲपवरची उत्तरं, इंस्टाग्रामचा मजकूर, पाकिटावरचं लेबल, सगळं त्यातूनच काढायचं आहे.

पायरी १ : लिस्टिंग लिहून घ्या

आता वहीचं पान एआयला द्या आणि असा प्रॉम्प्ट लिहा :

"खाली माझ्या वस्तूची माहिती आहे. फक्त या माहितीच्या आधारे ऑनलाइन विक्रीसाठी वर्णन लिही. स्वतःहून काहीही जोडू नकोस. आरोग्याचा कोणताही दावा करू नकोस. शेवटच्या यादीतले शब्द वापरू नकोस. काही माहिती कमी वाटली तर अंदाज करू नकोस, मला प्रश्न विचार. आधी एक ओळीचं शीर्षक, मग पाच छोटे मुद्दे, मग चार ओळींचा परिच्छेद दे. भाषा साधी, घरगुती ठेव."

यातलं "मला प्रश्न विचार" हे वाक्य सोन्यासारखं आहे. एआय विचारेल, "लाडू भाजणीच्या पिठाचे आहेत का? तूप गाईचं की म्हशीचं? भेटवस्तू म्हणून पॅकिंग मिळतं का?" हे सगळे प्रश्न उद्या ग्राहक विचारणारच असतो. उत्तरं वहीत लिहून ठेवा.

आता मजकूर असा काहीतरी येईल : "नाचणीचं पीठ मंद आचेवर भाजून, गूळ आणि तूप घालून वळलेले लाडू. ५०० ग्रॅमच्या डब्यात साधारण १६ लाडू. काजू आणि वेलची घातलेली आहे. यात दूध आणि काजू आहेत." यात चमक कमी वाटेल, पण एकही शब्द खोटा नाही. ग्राहकाला हवं ते सगळं कळतं.

आता एक तपासणी. मजकुराची प्रिंट काढा किंवा वहीत उतरवा आणि प्रत्येक वाक्यासमोर खूण करा. वहीत आहे, तर बरोबरची खूण. वहीत नाही पण खरं आहे आणि दाखवायला पुरावा आहे, तर आधी वहीत लिहा, मग बरोबरची खूण. पुरावा नाही, तर काट मारा. कितीही सुंदर वाक्य असो, काट म्हणजे काट.

पायरी २ : भाषांतर करून घ्या, पण शब्द तुम्ही निवडा

मराठीत तयार झालेलं लिस्टिंग हिंदी आणि इंग्रजीत करून घेणं हे एआयचं अतिशय उपयोगी काम. फक्त आपल्या पदार्थांच्या नावांवर लक्ष ठेवा. मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, कुरडई या शब्दांचं भाषांतर करायला गेलं की एआय भलतंच काहीतरी लिहितं. गोडा मसाल्यातला "गोडा" बघून त्याने साखर घातलेला मसाला समजू नये! म्हणून सांगा, "पदार्थाचं नाव तसंच ठेव, पुढे एका ओळीत समजावून सांग." तयार झालेलं भाषांतर ती भाषा येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला एकदा वाचायला द्या.

पायरी ३ : फोटो स्वच्छ करा, वस्तू बदलू नका

फोटोची मागची बाजू काढून पांढरी करणं, उजेड नीट करणं, फोटो सरळ कापणं, यासाठी एआय बेधडक वापरा. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. हे काम आता मोबाइलवर होतं.

पण लाडवावर नसलेले बदाम येता कामा नयेत. साडीचा रंग गडद करून घेतला आणि घरी फिकी साडी पोहोचली, तर ती परत येणारच. साडीवाल्यांनी आणखी एक काळजी घ्या. नुसता फोटो देऊन "वर्णन लिही" म्हटलं, की पदरावरचा मोर बघून एआय बिनधास्त "शुद्ध रेशमी हातमागाची पैठणी" असं लिहू शकतं. फोटोवरून त्याला हातमाग की यंत्रमाग, रेशीम की सेमी सिल्क, हे कळत नाही. पैठणीला जीआय मानांकन आहे. तुमच्याकडची साडी यंत्रमागावरची सेमी पैठणी असेल तर तसंच लिहा. तिलाही ग्राहक आहे, आणि तो ग्राहक तिची किंमत बघूनच येतो. त्याला फसवायची गरज काय?

एक साधा नियम : पार्सल उघडल्यावर ग्राहकाने मोबाइलमधला फोटो वस्तूशेजारी धरला, तर दोन्ही सारखे दिसले पाहिजेत.

एक रिटर्न किती महाग पडतो?

काही जण म्हणतात, "थोडं वाढवून लिहिलं तर बिघडलं कुठे? विक्री तर होते!" चला, हिशोबच करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

लाडवाचा डबा ४५० रुपयांना विकला. कच्चा माल १८० रुपये, डबा आणि पॅकिंग ३०, गॅस आणि मजुरी ५०, विक्रीच्या साइटचं कमिशन ७०, कुरिअर ६५. एकूण खर्च ३९५. हातात राहिले ५५ रुपये.

आता ग्राहकाने "शुगर फ्री लिहिलं होतं, यात तर गूळ आहे" म्हणून डबा परत केला. कमिशन परत मिळालं असं धरू. तरीही उघडलेला डबा पुन्हा विकता येत नाही. माल १८०, पॅकिंग ३०, गॅस-मजुरी ५०, जातानाचं कुरिअर ६५, येतानाचं ६५. नुकसान ३९० रुपये.

५५ रुपये नफ्याच्या सात ऑर्डरी केल्या तरी ३८५ रुपयेच होतात. म्हणजे एका खोट्या शब्दाने सात ऑर्डरींची मेहनत खाल्ली, वर एक वाईट रिव्ह्यू कायमचा चिकटला तो वेगळाच. आणि परत घेणार नाही असंही म्हणता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

असे हिशोब करताना एक सूचना. एआयला थेट "माझा नफा काढ" असं विचारून आलेला आकडा तसाच धरू नका, बेरीज-वजाबाकीत ते चुकू शकतं. त्याच्याकडून गूगल शीटचं सूत्र लिहून घ्या आणि आकडेमोड शीटला करू द्या. मग एका डब्याचा हिशोब कॅल्क्युलेटरवर ताडून बघा.

पायरी ४ : ग्राहकांना उत्तरं

"डबा कधी मिळेल?", "कॅश ऑन डिलिव्हरी आहे का?", "किती दिवस टिकतात?" हेच प्रश्न रोज येतात. वहीचं पान देऊन एआयकडून अशा दहा प्रश्नांची छोटी, नम्र उत्तरं लिहून घ्या. ती वाचून, दुरुस्त करून व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवा. ग्राहकाला लगेच उत्तर मिळतं आणि उत्तर तुमचंच असतं.

पण आपोआप उत्तर देणारा बॉट लावायची घाई करू नका. कॅनडातलं एक प्रकरण सांगतो. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरातल्या मृत्यूमुळे तातडीने प्रवास करावा लागला तर तिकिटातली सवलत नंतरही मागता येईल. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता, सवलत नाकारली गेली. प्रवासी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणात गेला. चॅटबॉट ही जणू वेगळीच संस्था आहे अशा थाटाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला : संकेतस्थळावरच्या सगळ्या माहितीची जबाबदारी कंपनीचीच. भरपाई, व्याज आणि फी धरून ८०० कॅनेडियन डॉलरपेक्षा थोडी जास्त रक्कम द्यावी लागली. रक्कम मोठी नाही, धडा मोठा आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला "बॉट बोलला, मी नाही" असं म्हणता आलं नाही, तर आपल्याला कोण म्हणू देणार?

म्हणून तीन प्रकारचे प्रश्न कायम स्वतः हाताळा. पैसे परत देण्याचे. ठरावीक तारखेच्या आत पोहोचवायच्या वचनाचे. आणि तब्येतीचे. "ताई, माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे लाडू चालतील का?" या प्रश्नाला घटकांची यादी बघून एआय "हो, यात शेंगदाणे नाहीत" असं सांगेल. पण त्याच परातीत काल शेंगदाण्याचे लाडू वळले होते, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तिथे खरं उत्तर "नका घेऊ" हेच आहे. एक ऑर्डर गेली तरी चालेल.

पायरी ५ : रिव्ह्यू वाचून घ्या, लिहून घेऊ नका

हे काम फार कमी जण करतात आणि फायदा इथेच जास्त आहे. आलेले चाळीस-पन्नास रिव्ह्यू एकत्र करा. ग्राहकांची नावं, फोन नंबर, पत्ते काढून टाका, ती माहिती एआयला द्यायची नाही. ग्राहकाने ती तुम्हाला पार्सलसाठी दिलेली आहे. मग विचारा :

"या रिव्ह्यूंची वर्गवारी कर. तक्रारी चव, पॅकिंग, उशीर, किंमत आणि वर्णनात फरक या पाच गटांत टाक. प्रत्येक गटात किती तक्रारी ते सांग आणि प्रत्येकीचं मूळ वाक्य दाखव."

मूळ वाक्य मागितलं की त्याने मनाने काही घातलं का, ते लगेच तपासता येतं. समजा कळलं की सर्वात जास्त तक्रारी "लाडू फुटलेले आले" अशा आहेत, तर जाहिरातीवर पैसे घालण्याआधी डबा बदला. धंदा असा सुधारतो.

आणि खोटे रिव्ह्यू? एआय दहा मिनिटांत पन्नास लिहून देईल, पण हा रस्ता धरू नका. २०२० च्या त्याच नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. शिवाय पन्नास खोट्या कौतुकांमध्ये "लाडू फुटतात" हे सांगणारा खरा माणूस तुम्हालाच दिसेनासा होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमची सर्वात जास्त विकली जाणारी एकच वस्तू निवडा. तिचं वहीचं पान आठही मुद्द्यांसह पूर्ण करा.
२. आज ऑनलाइन असलेलं तिचं वर्णन वाचा. प्रत्येक वाक्याला बरोबर किंवा काट करा.
३. वरचा प्रॉम्प्ट वापरून नवं वर्णन लिहून घ्या. एआयने विचारलेले प्रश्न आणि तुमची उत्तरं वहीत नोंदवा.
४. एका रिटर्नचा तुमचा हिशोब मांडा. किती ऑर्डरींचा नफा जातो, तो आकडा पॅकिंगच्या टेबलासमोर चिकटवा.

दहा वस्तू एकदम करायला जाऊ नका. एक पान नीट झालं की दुसरं अर्ध्या वेळात होतं.

एआयची साधनं बदलत राहतील. आज एक ॲप चालतंय, उद्या दुसरं येईल. वही मात्र तुमचीच राहील, आणि नवीन साधन आलं की तेच पान त्याला द्यायचं. तुमच्या मालाबद्दल तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. ते आधी कागदावर उतरवा, मग एआयला कामाला लावा.

गृहपाठाच्या चौथ्या प्रश्नाचा तुमचा आकडा व्हिडिओखाली जरूर लिहा. पुढच्या भागात आपण लेबल आणि पॅकिंगबद्दल बोलू. तोपर्यंत वही उघडा, पहिलं पान आजच लिहा.